नाशिकहून फिनिक्सला: मुलांच्या घरी आणि त्यांच्या झाडांत राहायला जाताना

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये जूनच्या दुपारी हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. वर्षभराचा पाऊस सुमारे १८० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडतो तेवढा. अशा ठिकाणी मुलाच्या किंवा लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि तीस-चाळीस कुंड्या दिसल्या, की नाशिकच्या माणसाचा हात आपोआप तांब्याकडे जातो. झाडं तिथेच दगावतात. घरातली झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात, वाळवंटातसुद्धा. खाली प्रवासाचं, सामानाचं आणि तब्येतीचंही आहे, पण सगळ्यात जास्त जागा पाण्याला दिली आहे. आईवडील आणि मुलं यांच्यातल्या कुरबुरी बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

कधी जावं

दिवाळी आटोपून निघावं आणि गुढीपाडव्याच्या आत परत यावं. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला सुखाचा काळ. डिसेंबर-जानेवारीत दुपारी एकोणीस-वीस अंश आणि पहाटे सात-आठ, म्हणजे निफाडच्या थंडीसारखंच. स्वेटर आणि कानटोपी पुरते. मे ते सप्टेंबर शक्यतो टाळा. २०२३ मध्ये जूनअखेरपासून जुलैअखेरपर्यंत तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंशांना, टेकत किंवा ओलांडत होता. त्या काळात जाणं भागच असेल, बाळंतपण असेल किंवा मुलांची घर बदलण्याची वेळ असेल, तर दिवसाचा बहुतेक वेळ घरात जाणार हे धरूनच जा.

फिनिक्सला घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. बारा महिने भारत साडेबारा तास पुढे. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. दिवसाची रात्र होते, म्हणून रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडच्या गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ‘कोरड्या, गरम हवेत चाललोय’ हे त्यांना मुद्दाम सांगा.

मुंबईहून फिनिक्सला थेट विमान नाही, एक किंवा दोन ठिकाणी बदलावं लागतं. पावसाळ्यात विमान असेल तर कसारा घाटातली कोंडी धरून नाशिकहून तीन-चार तास जास्तीचे ठेवून निघा. विमान मोठं असो वा छोटं, व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून घ्या. चालता येत असलं तरी लांबलचक विमानतळांवर आणि इमिग्रेशनच्या रांगेत तिचा फार उपयोग होतो.

बॅगेत काय नको

मुलांना झाडांची आवड आहे म्हणून आई हमखास चार गोष्टी घेते: तुळशीच्या मंजिऱ्या, कढीपत्त्याची डहाळी, अंगणातली थोडी माती आणि गांडूळखताची पिशवी. चारही घरीच ठेवा.

माती कोणत्याही स्वरूपात चालत नाही. जुन्या चपलेला किंवा खुरप्याला चिकटलेलीही धुऊन काढा. पेरायचं बी न्यायला कृषी खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, खिशातल्या पुडीला ते कुठून असणार? ताजा कढीपत्ता बंद आहे, कारण तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावरची एक बारीक कीड लिंबूवर्गीय बागा मारणारा रोग पसरवते, आणि अ‍ॅरिझोनात लिंबू-संत्र्याच्या बागा आहेत. तांदूळही नको. इगतपुरीचा इंद्रायणी कितीही सुवासिक असला तरी साठवलेलं धान्य पोखरणाऱ्या खाप्रा भुंगेऱ्यामुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ आणि हरभरे नेता येत नाहीत.

चिवडा, चकली, कोरड्या चटण्या, तेलातलं लोणचं हे बंद पाकिटात, नाव लिहून न्या आणि अर्जावर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सरळ सांगा. सांगितल्यावर एखादी वस्तू काढून घेतली, तर तेवढीच जाते. लपवलेली सापडली तर दंड होतो. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी यांची ३५० मिलिलिटरहून मोठी पुडी हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात पिठासारख्या वस्तूंची वेगळी तपासणी होते, त्या मोठ्या बॅगेतच बऱ्या.

झाडांसाठी काही न्यायचंच असेल तर जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे धुतलेले तुकडे न्या. पानं पुसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पहिला आठवडा: हात मागे

पहिले सात दिवस एकाही कुंडीला पाणी घालू नका. झोपेचं चक्र उलटलेलं असतं, त्यात पहाटे तीनला जाग आली की करायला काही नसतं आणि झारी समोर दिसते. तेव्हा फक्त बघा. सूर्य कोणत्या खिडकीतून कधी येतो, एसीची जाळी छतात कुठे आहे, तिची झुळूक कोणत्या पानावर येते, मुलं कोणत्या झाडाला कधी पाणी देतात. एका वहीत कुंडीनिहाय लिहून ठेवलं तर पुढे फार सोपं जातं.

मग मुलांना विचारा, ‘यातली कोणती मी बघू?’ सगळी मागू नका. झीझी, स्नेक प्लांट आणि मनीप्लांट ही चुका पचवणारी झाडं, सुरुवात तिथून करा. कॅलथिया, फिडल लीफ फिग, ऑर्किड ही मुलांकडेच राहू द्या. पांढऱ्या-हिरव्या पानांचं मॉन्स्टेरा तर महाग असतं, त्याच्या एका पानासाठी मुलांनी महिनोन्‌महिने वाट पाहिलेली असते.

कुंड्यांची जागा बदलू नका. ‘बिचारं अंधारात आहे’ म्हणून उचलून पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेलं झाड फिनिक्सच्या उन्हात एका दुपारी भाजतं. पानावर पांढरट-तपकिरी कोरडे चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. काचेला टेकलेलं पान तर आधी जातं.

पाणी किती, कधी, कोणतं

नाशिकच्या अंगणात कुंडीत पोयटा, शेणखत, वारा आणि ऊन असतं, रोजचं पाणी रोज उडून जातं. तिथे घरातल्या कुंडीत माती नसतेच. पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि सालींचे तुकडे यांचं मिश्रण असतं. वरचा थर कोरड्या हवेने एका दिवसात फिकट पडतो, तळाशी मात्र आठ-दहा दिवस ओल टिकते. वरून पाहून पाणी घातलं की तळाची मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड मान टाकतं. मान टाकली म्हणून आणखी पाणी घातलं जातं, आणि झाड संपतं. तेव्हा झाड मलूल दिसलं की आधी कुंडी उचला. जड आणि ओली असूनही मलूल, तर मुळं कुजलीत. हलकी आणि मलूल, तर तहान आहे.

ओल तपासायला लाकडी काडी पुरते. कबाबची पातळ काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा, काढून बघा. ओलसर डाग किंवा चिकटलेले कण दिसले तर थांबा. झीझी, स्नेक प्लांट, कोरफड, सक्युलंट यांना काडी पूर्ण कोरडी आली की पाणी. मनीप्लांट, रबर, मॉन्स्टेराला वरची अर्धी काडी कोरडी आली की. पीस लिली आणि फर्नला वरचं एक पेर सुकलं की लगेच. वार ठरवून पाणी घालू नका, कारण हिवाळ्यात दिवस लहान होतात, वाढ थंडावते आणि त्याच झाडाला जवळजवळ निम्मं पाणी लागतं. दिवाळीनंतर गेलेल्या माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होते.

घालायचं तेव्हा पोटभर घाला. सहा इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर, दहा इंचीला एक ते दीड लिटर, सावकाश, गोल फिरवत, तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत. रोज अर्धी वाटी घालण्याची सवय वाईट, तिने वरचं ओलं आणि मधलं कोरडं राहतं. शोभेच्या बाहेरच्या कुंडीला बहुधा भोक नसतं, आत प्लास्टिकची वेगळी कुंडी असते. ती आतली कुंडी काढून सिंकमध्ये पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या, मग परत ठेवा. बाहेरच्या कुंडीत आठवडाभर साचलेलं पाणी कुणाला दिसत नाही. वास आला की कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

पीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. घातलेलं सगळं कडेने खाली पळतं आणि वाटतं, छान झालं. अशी कुंडी पाण्याच्या टबात वीस-तीस मिनिटं बसवा, खालून ओढू द्या.

आता कोणतं पाणी. गंगापूर धरणाच्या पाण्याची सवय असलेल्यांना फिनिक्सचं नळाचं पाणी जड लागेल. ते सॉल्ट आणि व्हर्दी नद्यांचं आणि लांबच्या कालव्यातून आणलेल्या कोलोराडो नदीचं, चुन्याने भरलेलं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तसाच तिथे कुंडीच्या काठाला आणि मातीवर धरतो. पानांची टोकं तपकिरी होतात, स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिनाची सगळ्यात आधी. बऱ्याच घरांत गॅरेजमध्ये पाणी मऊ करणारं यंत्र असतं, शेजारी मिठाच्या गोण्या दिसतील. ते चुना काढतं आणि त्याच्या जागी सोडियम सोडतं. केस धुवायला ते पाणी उत्तम, पण झाडांना नको. घराबाहेरच्या नळाचं पाणी सहसा त्या यंत्रातून जात नाही, तरी मुलांना विचारून खात्री करा. स्वयंपाकघरात सिंकवर दुसरा बारीक नळ असेल तर तो आरओचा. कॅलथिया, फर्न, ऑर्किड यांना तेच पाणी द्या, बाकीच्यांना नळाचं चालतं. आदल्या रात्री बादली भरून ठेवली की पाणी खोलीच्या तापमानाला येतं. उन्हाळ्यात तिथे ‘थंड’ नळालाही कोमट पाणी येतं, म्हणून हे कराच.

साचलेले क्षार धुवायला चार-सहा महिन्यांनी एकदा कुंडी बाथटबमध्ये ठेवून कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या. मुलांना नोकरीत एवढा वेळ मिळत नाही. तुमच्या हातून झाडांसाठी होण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच.

आपले घरगुती उपाय

चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, ताक, भाज्यांची सालं, जीवामृत. यातलं बरंचसं गच्चीवरच्या बागेत उपयोगी आहे. बंद खोलीत मात्र ते कुजतं, बुरशी धरतं, आणि आठ-दहा दिवसांत बारीक काळी चिलटं घरभर उडू लागतात. ही चिलटं ओल्या थरात अंडी घालतात, त्यांचा उपाय म्हणजे वरचा इंच-दीड इंच थर सुकू देणं आणि मातीत पिवळी चिकट पट्टी खोचणं. खत द्यायचंच तर मुलं वापरतात ते द्रवखत, बाटलीवर लिहिल्याच्या निम्म्या प्रमाणात, मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा. हिवाळ्यात नाही.

पानांवर पाणी शिंपडून हवा ओली होत नाही. काही मिनिटांत ते उडतं, वर चुन्याचे ठिपके राहतात. कुंड्या जवळजवळ मांडणं थोडं बरं, आणि हवा ओली करणारं यंत्र सगळ्यात बरं, पण धुक्याच्या यंत्रात नळाचं पाणी घातलं तर फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. पानांना खोबरेल लावून चकाकी आणू नका, छिद्रं बुजतात आणि धूळ चिकटते. ओल्या फडक्याने, पानाखाली हात धरून पुसा.

पुसताना पानाची खालची बाजू बघा. द्राक्षबागा ज्यांनी पाहिल्यात त्यांना इथे काही नवं वाटणार नाही. लाल कोळी कोरड्या हवेत झपाट्याने वाढतो: पानावर बारीक फिकट ठिपके, देठाशी जाळं. पिठ्या ढेकूण पेरांत कापसासारखा बसतो. कोळी दिसला तर कुंडी न्हाणीत नेऊन पानं खालून-वरून शॉवरने धुवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. पिठ्या ढेकणाला निर्जंतुकीच्या अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस लावा. कीड लागलेली कुंडी लगेच वेगळी ठेवा आणि मुलांना सांगा.

तुळस हवी असेल तर तिथल्याच रोपवाटिकेत ‘होली बेसिल’ म्हणून मागा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेची जागा द्या. पारा दहा अंशांखाली जाणार असेल त्या रात्री आत घ्या. घरातल्या झाडांत रोज पाणी मागणारी ही एकटीच, आणि तेही उन्हाळ्यात. तेव्हा रोज पाणी घालायचा नेम तिच्यावरच पाळा. उदबत्ती आणि निरांजन धुराच्या अलार्मखाली नको. खमंग फोडणीनेही तो वाजतो, म्हणून आधी एक्झॉस्ट लावा.

नातवंडं आणि विषारी पानं

मनीप्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चं अळू खाल्लं की घसा का खाजतो हे आपल्याला ठाऊक आहे, या पानांतही तेच सुईसारखे स्फटिक असतात. रांगतं मूल असेल तर ही झाडं वर टांगा. मुलाने चावलंच तर तोंड पुसा, थंड दूध द्या आणि १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राच्या क्रमांकावर फोन करा. तो अमेरिकेत कुठूनही आणि केव्हाही मोफत चालतो. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट ९११.

अंगणात आणि बाहेर

उन्हाळ्यात परसातल्या कुंड्यांना पहाटे पाचच्या सुमारास पाणी द्या. नंतर पाइप हातात घेतलाच तर पहिलं पाणी झाडावर किंवा हातावर सोडू नका. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी त्वचा पोळण्याइतकं तापतं. ते आधी खडीवर वाहू द्या. अनवाणी कधीच जाऊ नका, तापलेल्या फरशीवर काही सेकंदांत पाय भाजतात. आत आणायची कुंडी उचलण्याआधी तिच्या बुडाशी बघा, तिथे विंचू दडतात. चपला झटकून घाला.

घराभोवतीची माती खणून कुंडीत भरू नका. ती चुनखडीची, दगडासारखी आणि खारट-क्षारट असते. शिवाय तिच्या धुळीत एक बुरशी असते, जिच्यामुळे ‘व्हॅली फीव्हर’ हा फुप्फुसाचा आजार होतो. मधुमेहींना त्याचा धोका जास्त. धुळीचं वादळ आलं की खिडक्या बंद करून आत थांबा.

फिरायला उन्हाळ्यात सातच्या आत, हिवाळ्यात केव्हाही. झाडांच्या माणसाने एक सकाळ ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ला द्यावीच. १९३९ मध्ये सुरू झालेली ही बाग शहरातच आहे. तिथला उंच सग्वारो निवडुंग पाहिला की पाणी साठवून जगणं म्हणजे काय ते कळतं. बहुतेक सग्वारोंना पहिला फाटा फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. रानातलं कोणतंही निवडुंग उपटू नका, कायद्याने संरक्षण आहे. चोया नावाच्या काटेरी निवडुंगाचं बोंड अंगाला चिकटलं तर हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा.

घरातही पाणी तहान लागण्याआधी प्यायचं. घाम तिथे दिसत नाही, लगेच सुकतो. नाकात रात्री खोबरेलचं बोट, टाचांना व्हॅसलीन. थर्मोस्टॅट फॅरनहाइटमध्ये असतो: ७८ म्हणजे साडेपंचवीस अंश. मुलांनी वेळा लावलेल्या असतात, कारण काही वीज योजनांत कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते सात वीज महाग पडते. थंडी वाजली तर शाल घ्या, आकडा विचारून बदला.

मुलं चार दिवस बाहेर गेली तर

त्यांना जाण्याआधी प्रत्येक कुंडीवर रंगीत चिकटपट्टी लावायला सांगा. लाल: हात लावू नका. पिवळी: काडी बघून. हिरवी: एकदा पाणी. आठवड्याच्या सुटीत लाल पट्ट्याच जास्त निघतील. शंका आली तर फोटो पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाणी घालू नका. दोन दिवस उशिरा मिळालेलं पाणी झाड सोसतं.

परतताना

आवडलेल्या झाडाची फांदी बॅगेत घालून आणू नका, भारतातही रोपं आणायला आधी आयात परवाना लागतो. कुंड्यांची वही मुलांकडे ठेवा. शेवटच्या आठवड्यात पाणी पुन्हा त्यांच्याच हाती सोपवा, म्हणजे काही निसटलं असेल तर तुम्ही तिथे असतानाच लक्षात येईल.

नाशिकला आल्यावर महिनाभरात खोकला, ताप, रात्रीचा घाम, न जाणारा थकवा असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘मी अ‍ॅरिझोनात होतो’ हे पहिल्याच भेटीत सांगा. व्हॅली फीव्हरची लक्षणं क्षयरोगासारखी दिसतात, आपल्याकडे तो कुणाच्या मनातही येत नाही, आणि त्याची रक्ततपासणी वेगळी असते.